ट्रामची घंटा आणि मामांचे कान

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळत आलो की टाळण्याचीच सवय होऊन गेली. घरात ट्रामचा विषय निघाला की मी उठून पाणी प्यायला जायचो. बायको हयात होती तोवर तिच्या ते लक्षात यायचं. "ट्रामचं नाव काढलं की तुम्हाला तहान कशी लागते हो?" असं ती एकदा हसत म्हणाली होती. तिलाही मी काही सांगितलं नाही. आता गावात पुन्हा ट्राम आणायच्या गप्पा सुरू आहेत. वर्तमानपत्रात येतं, कट्ट्यावर बोललं जातं, नातवंडं विचारतात, आणि दर वेळी उठून जावं इतकं पाणी माणूस पिऊ शकत नाही.

नाशिकला एके काळी घोड्यांची ट्राम होती, हे हल्ली नाशिककरांनाही सांगावं लागतं. रेल्वे स्टेशन गावापासून लांब, म्हणून स्टेशनापासून थेट मेन रोडपर्यंत रूळ टाकले होते आणि त्यांवरून घोडे डबे ओढायचे. मी ती ट्राम पाहिलेली नाही. माझ्या जन्माआधीच मोटारी आल्या, ट्राम बंद पडली, रूळ उखडले गेले. त्यातले काही तुकडे जुन्या घरांच्या माळ्याखाली तुळया म्हणून गेले, आणि आमच्या तांबट आळीतल्या एका कारागिराकडे रुळाचा एक तुकडा ऐरण म्हणून होता. त्यावर हंडे ठोकले जायचे. माझ्या लहानपणी ट्रामची एवढीच ओळख होती. बाकी सगळी ट्राम मामांच्या तोंडी होती.

मामा म्हणजे आमच्या भांडी बाजाराजवळच्या स्टँडवरचे टांगेवाले. ते कोणाचेच सख्खे मामा नव्हते, पण सगळे त्यांना मामाच म्हणत. तरुणपणी ते ट्रामवर कामाला होते. चढाच्या जागी डब्याला घोड्यांची आणखी एक जोडी जुंपावी लागे. ती जोडी घेऊन चढाच्या पायथ्याशी उभं राहायचं, ट्राम आली की जुंपायची, वर पोचवून परत खाली यायचं, हे त्यांचं काम. पुढे ते डब्याच्या पुढच्या फळीवर उभे राहू लागले आणि घंटेची दोरी त्यांच्या हातात आली. ट्राम बंद झाली आणि डबे मोडीत काढले, त्या दिवशी त्यांनी मालकाकडून ती घंटा मागून घेतली. मग टांगा घेतला आणि घंटा टांग्याच्या पुढे टांगली.

तांब्याएवढी घंटा होती ती. कांशाची, साधी, वर काही कोरलेलं नाही, काठाला एका जागी टवका उडालेला. आवाज मात्र असा की बाजाराच्या त्या टोकाला वाजली तर आमच्या गादीवर बसून कळायचं. जाड, भरलेला आवाज. वाजून झाल्यावरही भांड्यांच्या उतरंडीत थोडा वेळ घुमत राहायचा. घोडीला तिची इतकी सवय की लगाम हलवायची गरज नसे. मामा घंटा वाजवत, घोडी चालू लागे. स्टँडवरचे बाकीचे टांगेवाले ओरडत, "रूळ टाका रे, रूळ टाका! मामांची ट्राम आली!"

मामा म्हणत, "टाका की. घोडी तयार हाय, मी तयार हाय. रुळांचंच अडलंय."

पन्नासएक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी पंचविशीत होतो आणि वडिलांच्या भांड्यांच्या दुकानात बसत होतो. लग्नसराईचे दिवस होते. त्या दिवसांत आमच्याकडे मोडीची झुंबड असायची. मोड म्हणजे जुनी, चेपलेली, गळकी भांडी. ती वजनावर द्यायची आणि बदल्यात मुलीच्या लग्नासाठी नवी न्यायची. आमच्या दुकानाचा एक रिवाज होता. मोड गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत फोडायची किंवा ठेचायची. आमचा हंडा तुम्ही तसाच दुसऱ्याला विकलात असं उद्या कोणी म्हणू नये, म्हणून. गादीच्या डाव्या हाताला जे पडेल ती मोड. उजव्या हाताला, फडताळात, दुरुस्तीच्या वस्तू. वडिलांनी हा नियम आयुष्यभर पाळला. लोकांची वस्तू दुरुस्तीला येते ती आपल्या विश्वासावर येते, असं ते म्हणायचे. वडील फार बोलत नसत, पण हे वाक्य मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकलं होतं.

त्या सकाळी मामा घंटा घेऊन आले. आतला लोळा ज्या कडीत लोंबतो ती कडी झिजून तुटली होती. वडिलांनी घंटा घेतली, गादीपाशी ठेवली आणि मला म्हणाले, "ही मामांची. फडताळात ठेव." मी हो म्हणालो. तेवढ्यात सिन्नरकडचं एक वऱ्हाड आलं. नवरीची आई, मावशी, एक काका, आणि दोन पोती भांडी. पोती डावीकडे ओतली. घंटा तिथेच होती, ती त्या ढिगाखाली गेली. आणि मी ती फडताळात ठेवायचं विसरलो.

वडील जेवायला घरी गेले. मी हातोडा घेऊन मोड फोडायला बसलो. नवरीची मावशी मोठी बोलकी होती.

"शेठ, तुमचं लग्न झालं का हो?"

"नाही."

"मग तो हातोडा जरा जपून मारा. बोट गेलं तर मुलगी कोण देईल?"

सगळे हसले. मीही हसलो, आणि आपण किती बेफिकीर आहोत हे दाखवायला ढिगात न बघताच हात घातला. जे हाताला लागलं ते दगडावर धरलं आणि हातोडा मारला.

पितळ ठेचलं की चेपतं. कांसं चेपत नाही, फुटतं. पण फुटायच्या आधी एक क्षण ते वाजलं. तो आवाज मी ओळखला. रोज ऐकत होतो तोच आवाज, जाड, भरलेला, आणि मधेच तुटलेला. घंटेचे तीन तुकडे दगडावर पडले होते.

मावशी म्हणाली, "शेठ, ती आमची नव्हे हं. आमच्यात घंटा नव्हती."

मी म्हणालो, "असू दे मावशी. आमचीच आहे."

हे मी पहिलं खोटं बोललो. ते खोटं आहे हेसुद्धा तेव्हा जाणवलं नाही, इतकं ते पटकन आलं.

वडील परत यायच्या आत मी ते तुकडे पोत्याच्या तळाला घातले. चूक झाली होती, ती कोणाच्याही हातून झाली असती. वडिलांना सांगितलं असतं तर ते रागावले असते, मला घेऊन स्टँडवर गेले असते, आणि मामांसमोर उभं करून बोलायला लावलं असतं. मला नेमकी त्याचीच भीती वाटली. सगळ्या टांगेवाल्यांसमोर मान खाली घालून उभं राहायचं! आमच्या बाजारात एखादी वस्तू हरवली की गोदावरीच्या पुराला दोष द्यायची सोय असते. पूर दुकानात शिरतो, नेतो ते परत देत नाही. पण उन्हाळा होता. नदीत गुडघाभरही पाणी नव्हतं.

मग मी जे केलं ते चूक म्हणून सोडून देण्यासारखं नाही. आमच्या माळ्यावर मोडीत आलेली एक घंटा पडली होती. घाटावरच्या कुठल्याशा लहान देवळाची. देऊळ नव्यानं बांधलं तेव्हा नवी मोठी घंटा घेतली आणि ही जुनी आमच्याकडे आली. देवाची वस्तू म्हणून एवढी एक वडिलांनी फोडू दिली नव्हती. आकार जवळजवळ तोच. तिच्या अंगावर कोणीतरी आपल्या आईच्या स्मरणार्थ अर्पण केल्याचं कोरलेलं होतं. दुपारी वडील डुलकी घेत असताना मी माळ्यावर बसून कानशीनं ते नाव घासून काढलं. मग काठाला, जिथे मामांच्या घंटेला टवका होता, तिथे तसाच टवका पाडला. मिठाच्या पाण्यात भिजवून चुलीच्या धुरावर धरली, म्हणजे रंग काळपट यावा. कडी नवी बसवली. आणखी एक सांगून टाकतो. टवका हुबेहूब जमला तेव्हा मला बरं वाटलं होतं.

मामा आले. घंटा हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिली. घासलेल्या जागेवर अंगठा फिरवला.

"ही इथं गुळगुळीत कशी काय?"

"कडी बसवताना घासावी लागली, मामा."

त्यांनी मान डोलावली. आमच्या दुकानावर त्यांचा विश्वास होता. मग त्यांनी घंटा वाजवली आणि तसेच उभे राहिले. पुन्हा वाजवली.

"धाकटे शेठ, आवाज बदललाय."

वडील गादीवर होते. हिशोबाच्या वहीतून त्यांनी मान वर केली. त्या एका क्षणात मी बोललो नसतो तर वडिलांनी घंटा हातात घेतली असती आणि त्यांना सगळं कळलं असतं.

मी हसून म्हणालो, "घंटा तीच आहे, मामा. कान तपासून घ्या एकदा. वय झालं आता."

मामाही हसले. वडीलही हसले, आणि पुन्हा वहीत बघू लागले. मामा म्हणाले, "आसंल बाबा. आसंल." आणि घंटा घेऊन गेले.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी आज हे लिहायला बसलो नसतो. काही दिवसांनी, दुपारच्या शांत वेळी, मामा पुन्हा आले. वडील बाहेर गेले होते. मामा दाराकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

"शेठ, हळू काहीतरी बोला बरं. लय हळू."

"काय बोलू?"

"काय बोलू म्हणालात. आता आणखी हळू."

मी कुजबुजलो, "दिंडोरीची गाडी गेली."

"दिंडोरीची गाडी गेली. आता एखादी वाटी वाजवा."

मी बोटानं वाटीला टिचकी मारली. इतकी हलकी की ती मला स्वतःला जेमतेम ऐकू आली.

"वाटी. बारकी." मामा वळले. त्यांचा चेहरा खुलला होता. "येतंय की ऐकू! सगळं येतंय. मग घंटाच तेवढी कशी येगळी लागती? आणि घोडी बी हलत नाय हो. घंटा वाजिवली तरी हुबीच ऱ्हाती. दरवेळी लगाम मारावा लागतोय."

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मला घाई नव्हती, घाबरायचं काही कारण नव्हतं. मामा माझ्यासमोर उभे होते आणि मी काय म्हणतो त्याची वाट बघत होते. सांगायला याहून चांगली वेळ मला पुढे कधीच मिळाली नाही.

मी म्हणालो, "मामा, म्हातारपणी असंच होतं. काही आवाज येतात, काही येत नाहीत. माझ्या आजोबांचं असंच झालं होतं. आणि घोडी काय, तीही म्हातारी झालीय."

आजोबांचं तसं काही झालं नव्हतं. ते मी तिथल्या तिथे रचलं.

मामांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "म्हंजी मला कळायचं बी नाय, काय येत नाय ते."

"नाही ना."

"आवघड हाय मग."

त्यांच्या मनात ते बसलं. जो माणूस रस्त्यावरच्या ट्रकचा आवाज मागून ओळखून घोडी बाजूला घ्यायचा, तो आता दर वळणावर मागे वळून बघू लागला. मागे बघता बघता एकदा भाजीच्या हातगाडीला चाक लागलं. कोणाला इजा झाली नाही, पण स्टँडवर बोभाटा झाला. टांगेवाल्यांना तर निमित्तच मिळालं. "मामा, रूळ गेले, ट्राम गेली, आता कान बी गेले काय?" मामा पूर्वीसारखं उलट उत्तर देईनात.

मग मामांचा मुलगा माझ्याकडे आला. माझ्याहून थोडा लहान, भाड्याची रिक्षा चालवायचा. टांगा विकावा असं तो वडिलांना कधीपासून सांगत होता, पण ते ऐकत नव्हते.

"शेठ, खरं सांगा. बाबांना कमी ऐकू येतं का? घरी तर नीट उत्तरं देतात. पण म्हणतात, धाकट्या शेठनी सांगितलंय."

"मला तसं वाटतं खरं," मी म्हणालो. "रस्त्यावर जपायला हवं. हल्ली मोटारी किती वाढल्यात."

काळजीच्या सुरात म्हणालो. त्यानं माझे आभार मानले.

पावसाळ्याच्या आधी टांगा विकला गेला. घोडी मालेगावकडच्या एका माणसानं नेली, लग्नाच्या वरातीत नवरदेव बसवायला. टेम्पोत चढायला ती तयार होईना. मी दुकानाच्या पायरीवरून बघत होतो. मामांनी घंटा वाजवून पाहिली. घोडी हलली नाही. शेवटी चौघांनी ढकलून चढवली. मामा ती घंटा हातात धरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले, आणि शेजारचा पानवाला मला म्हणाला, "म्हातारा वाजवतोय बघा अजून. स्वतःला तरी ऐकू येतंय का?"

त्यानंतर मामा स्टँडच्या ओट्यावर नुसते येऊन बसायचे. सगळे त्यांच्याशी ओरडून बोलत. मामा, चहा! मामा, ऊन लागतंय, आत सरका! पहिले काही महिने ते म्हणायचे, "वरडू नका, येतंय ऐकू." त्यावर लोक आणखी हसायचे. मग त्यांनी म्हणायचं सोडलं. पुढे पुढे उत्तर देणंच सोडलं. उत्तर देत नाहीत म्हणजे ऐकू येत नाही, असं सगळ्यांचं पक्कं झालं. मी समोरच्या गादीवर बसून हे रोज बघत होतो. माझं लग्न झालं, मुलगा झाला, वडील गेले, दुकान माझ्या नावावर आलं. वडील गेले तेव्हा बाजारात सगळे म्हणाले, या दुकानातून कोणाची वस्तू कधी बदलली गेली नाही. मी हात जोडून ते ऐकून घेतलं.

मामा आजारी पडल्याचं कळलं तेव्हा मी भेटायला गेलो. सांगून टाकायचं ठरवूनच गेलो होतो. ते खाटेवर होते. घंटा खिडकीच्या गजाला टांगली होती. मी खाटेशेजारी बसलो आणि म्हणालो, "मामा, कसं वाटतंय?" नेहमीच्या आवाजात म्हणालो. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्या घरात कोणीतरी त्यांच्याशी साध्या आवाजात बोललं होतं, याचंच त्यांना नवल वाटलं असावं.

त्यांनी बोटानं खिडकीकडे दाखवलं. "वाजवा."

मी उठून घंटा वाजवली. मामांनी डोळे मिटून ऐकलं. मग हळूहळू मान हलवली. नाही.

मुलगा दारात उभा होता. तो म्हणाला, "बघा ना शेठ. एवढ्या जवळ वाजवली तरी ऐकू येत नाही त्यांना." आणि खाटेवर वाकून ओरडला, "बाबा! शेठ आलेत! भांडीवाले!"

मामांनी डोळे उघडले नाहीत. ते नाही कशाला म्हणाले, हे त्या खोलीत फक्त मला कळलं होतं. मी थोडा वेळ बसलो, येतो म्हणालो, आणि निघालो. तेराव्याला गेलो तेव्हा मुलानं सगळ्यांना सांगितलं की शेवटी शेवटी बाबांना काहीच ऐकू येत नव्हतं, पण घंटेवर भारी जीव.

आता अलीकडचं. गावातल्या काही तरुण मंडळींनी जुन्या ट्रामची माहिती जमवायला घेतली आहे. कधी मेट्रो येणार म्हणतात, कधी रबरी चाकांची गाडी, कधी सगळंच बारगळलं म्हणतात. सिंहस्थ जवळ आला की पुन्हा नकाशे निघतात. या मंडळींचं म्हणणं असं की काहीही आणा, पण निदान एक रस्ता जुन्या ट्रामच्या वाटेनं जाऊ द्या. त्यासाठी त्यांनी एका सभागृहात लहानसं प्रदर्शन मांडलं. जुने फोटो, रुळाचा एक तुकडा, आणि मधोमध काचेच्या पेटीशेजारी, मुद्दाम मोकळी टांगलेली, मामांची घंटा. खाली पाटी: नाशिकच्या ट्रामची मूळ घंटा.

मला आमंत्रण होतं. मामांच्या मुलानंच त्यांना सांगितलं होतं की ही घंटा भांडीवाल्या शेठनी दुरुस्त केली होती. वास्तुकला शिकवणाऱ्या एक बाई सगळी व्यवस्था बघत होत्या. त्यांनी मला घंटेपाशी नेलं आणि घासलेल्या जागेवर बोट ठेवलं.

"काका, इथे बघा. इथे काहीतरी कोरलेलं होतं. ट्रामच्या कंपनीचं नाव असणार. वर्षानुवर्षं हात लागून झिजलंय."

मी चष्मा पुसायला काढला.

"तुमच्याच दुकानात दुरुस्त झाली ना ही?"

"हो," मी म्हणालो, "आमच्याच दुकानात."

त्यांनी मला बाजूला उभं करून फोटो काढला. मुलं एकेक करून घंटा वाजवत होती. पन्नास वर्षांनी मी तो आवाज सलग ऐकला. पातळ, गोड, देवळातला आवाज. फोटो बघत असलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी तो ऐकून नकळत हात जोडले, मग आजूबाजूला पाहून ओशाळल्या. इतक्या माणसांत त्या एकट्या बाईंच्या हातांनी घंटा ओळखली. कोणाच्या आईच्या स्मरणार्थ ती देवाला दिली होती, ते मी तेव्हा वाचलं होतं. आता नाव आठवत नाही. आठवायचा खूप प्रयत्न केला.

मंडळींचा असा विचार आहे की उद्या खरोखर काही सुरू झालं, तर पहिल्या फेरीला ही घंटा वाजवायची आणि मामांच्या घरातल्या माणसानं वाजवायची. मामांचा मुलगा त्या दिवशी नवा सदरा घालून आला होता आणि भेटेल त्याला सांगत होता, "बाबांनी ही जन्मभर जपली. कान गेले तरी सोडली नाही."

ते वाक्य ऐकून मी घरी आलो आणि जेवलो नाही. घंटेचं खोटं एक वेळ माझ्याबरोबर जाईल. घंटा धातूची, तिचं काय. पण हे वाक्य मागे राहणार होतं. पहिल्या फेरीच्या दिवशी ते कोणीतरी भाषणात म्हणणार, पाटीवर लिहिणार, मामांची पतवंडं ते पाठ करणार. ज्या एका माणसाला पहिल्याच ठोक्याला कळलं होतं, तो गावाच्या आठवणीत बहिरा म्हणून राहणार. आणि हे ज्याला माहीत आहे असा माझ्याशिवाय कोणी उरलेला नाही.

गेल्या महिन्यात मी मामांच्या मुलाकडे गेलो. नाशिक रोडला, सुनेला नोकरीत मिळालेल्या क्वार्टरमध्ये राहतो. रिक्षा सोडून बरीच वर्षं झाली. मला बघून त्याला खूप आनंद झाला. सून स्वयंपाकघरात होती, नात खिडकीशी अभ्यास करत बसली होती. तो खुर्ची सरकवत म्हणाला, "शेठ, या बाजूला बसा. डावा कान बरा आहे थोडा. उजवा गेलाच."

मला ते माहीत नव्हतं. त्यानं कानामागचं मशीन काढून दाखवलं, आणि यानं नुसती शिट्टी वाजते म्हणून तक्रार केली, आणि पुन्हा लावलं.

चहा आला. सून आत गेली. मी वाट बघितली, मग त्याच्या बाजूला झुकलो आणि बोललो. सगळं बोललो. हळू बोललो, कारण असं काही ओरडून बोलता येत नाही. घंटा मी फोडली, ही देवळातली आहे, बाबांचे कान चांगले होते, असं सगळं. तो माझ्याकडे बघत, मान डोलावत होता. मला वाटलं, झालं. इतकं सोपं होतं.

तो म्हणाला, "काय म्हणालात? जरा मोठ्यानं बोला, शेठ."

नातीनं पुस्तकातून मान वर केली. सून दारात येऊन उभी राहिली, आणि मला मदत करायला म्हणून त्याच्यावर वाकून ओरडली, "बाबा! शेठ काहीतरी सांगतायत!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही मोठ्यानं बोला काका, लाजू नका. आम्हाला सवय आहे."

ती तिघं माझ्या तोंडाकडे बघत होती. वाक्य तयार होतं. नुकतंच म्हणून झालं होतं. ते फक्त मोठ्यानं म्हणायचं होतं.

मी मोठ्यानं म्हणालो, "चहा छान झालाय!"

तो खूश झाला. सून हसून आत गेली. मग तो स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, "बाबांशी असंच ओरडायचो आम्ही. चिडायचे. म्हणायचे, येतंय मला ऐकू. आता कळतं शेठ, कसं वाटत असेल त्यांना."

मी कप खाली ठेवला. तो मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आला, माझा हात धरून, रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंना पुन्हा पुन्हा बघत. बस आली. मी चढलो. तो हात हलवत उभा राहिला.

तिथे मोठ्यानं म्हणायचं राहिलं ते असं. तुमच्या बाबांना शेवटपर्यंत सगळं ऐकू येत होतं. घंटा खरंच बदलली होती, आणि त्यांना ते पहिल्यांदा वाजवली तेव्हाच कळलं होतं. ती मी फोडली आणि दोष त्यांच्या कानांना दिला. त्यांचा टांगा, त्यांची घोडी आणि त्यांचं बोलणं माझ्यामुळे गेलं. मला माफ करा. मामा, मला माफ करा.